माळवदाचे ओझे

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी हदगाव तालुक्यातील सावरगावच्या परिसरात जमीन हलली. तीव्रता ३.८ होती. नांदेड शहरासह जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांत धक्का जाणवला. जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी २१ मार्चला आणि १० जुलैला शेजारच्या कळमनुरी तालुक्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले होते, तेही या भागाला चांगलेच जाणवले होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावातून जमिनीखालच्या गूढ आवाजाच्या बातम्या तर कित्येक वर्षे येत आहेत.

असे काही झाले की पारावर, चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर एकच प्रश्न फिरू लागतो. मोठा कधी येणार? प्रश्न स्वाभाविक आहे, पण मराठवाड्याला एकदा अतिशय महागात पडला आहे. कधी येणार याची चर्चा करण्यात जवळजवळ वर्ष गेले, आणि तो आला तेव्हा आपण कशाखाली झोपलो आहोत हे कोणी पाहिलेलेच नव्हते.

इतिहासातल्या घोडचुकांची यादी करायची म्हटले तर मराठवाड्याला दूर जावे लागत नाही. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. काही वर्षांतच ती पुन्हा दिल्लीला गेली. मधल्या काळात त्याने तांब्याची नाणी चांदीच्या भावाने चालवायचा प्रयोग केला आणि लोकांनी घरोघरी टांकसाळी उघडल्या. या गोष्टी शाळेत सांगितल्या जातात, पोरे हसतात. राजाच्या चुकीवर हसणे सोपे असते, कारण तीत एक लहरी माणूस असतो आणि बाकीचे सगळे त्याचे बळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे घडले त्यामागे असा लहरी माणूस शोधून सापडत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ, सरकारी अभियंते, गावचे गवंडी, घरमालक हे सगळे आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होते. म्हणून ती चूक समजून घेणे अवघड जाते.

त्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा तालुक्यातील किल्लारी आणि उमरगा भागातील सास्तूर ही नावे दुपारपर्यंत जगभर पोचली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. इतर काही अंदाज साडेनऊ हजारांच्या पुढे जातात. सुमारे १६ हजार जण जखमी झाले. ५२ गावे इतकी मोडली की ती जागच्या जागी उभी करण्यापेक्षा दुसरीकडे वसवावी असे ठरले.

आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहावा. चारच वर्षे आधी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडसारखी दाट वस्तीची शहरे त्याच्या तडाख्यात आली. किल्लारीच्या कितीतरी पट ऊर्जा तिथे बाहेर पडली होती आणि माणसे मेली ६३. त्यातलीही ४२ एकाच कोसळलेल्या दुमजली उड्डाणपुलावर. तिथे संध्याकाळचे पाच वाजले होते आणि लोक जागे होते, हा फरक खरा. भूकंपाचे केंद्रही डोंगराळ भागात होते. तरीही ६३ आणि ७,९२८ यांतले अंतर घड्याळाच्या काट्याने आणि डोंगरांनी भरून निघत नाही.

किल्लारीच्या चुकीचा पहिला भाग नकाशात होता. दख्खनचे पठार म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा जुना, थंड, स्थिर तुकडा. हिमालयात भूकंप होणार, कच्छमध्ये होणार, इथे नाही, असे शास्त्र सांगत होते. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या तेव्हाच्या नकाशात किल्लारी विभाग १ मध्ये होती, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात. या समजुतीला एक तडा आधी गेलेला होता. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला मोठा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली. त्यानंतर नकाशा सुधारला, कोयनेचा विभाग वर चढवला. बाकीचे पठार मात्र होते तसेच राहिले. कोयनेला धरण होते, भूकंपाचे कारण त्या जलाशयाच्या पाण्यात सापडले, आणि कारण सापडल्याचा आनंद असा की उरलेल्या दख्खनबद्दल पुन्हा विचार करायची गरज कोणाला भासली नाही. (किल्लारीनंतरही तेरणेवरच्या माकणी धरणाकडे बोट दाखवले गेले. त्यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही.)

खाली प्रत्यक्षात काय होते, हे भूकंपानंतर पाहिले गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर खोदले. वरचा काळा पाषाण, ज्याला आपण अढळ मानतो, तो ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइटी खडक लागला. लाव्हारसाच्या या चादरीखाली जुन्या भेगा झाकल्या गेल्या आहेत. भारताचा भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, हिमालयाला रेटतो, आणि त्या रेट्याचा ताण मागे पठारातही साठत राहतो. त्याला हजार-दोन हजार वर्षे लागत असतील, पण तो साठतो. मग एखादी जुनी भेग सुटते.

हजार-दोन हजार वर्षे हा काळ माणसाच्या आठवणीत बसत नाही, जमिनीच्या मात्र बसतो. त्याच तेरणा नदीच्या काठावर तेर हे गाव आहे. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार करणारे तगर ते हेच. किल्लारीनंतर संशोधकांनी तिथल्या गाळाचे आणि उत्खननातल्या थरांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या अशाच एका भूकंपाच्या खुणा दिसल्याचे त्यांनी मांडले. म्हणजे ‘इथे कधी भूकंप झालाच नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आमच्या पणजोबांनी सांगितलेला नाही’ एवढाच होता.

जपानसारखा सावध देशही या बाबतीत घसरला. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रावर त्सुनामी आदळली, तेव्हा केंद्राची तयारी ५.७ मीटर उंचीच्या लाटेसाठी होती. आली ती १४ ते १५ मीटरची. इसवी सन ८६९ मध्ये त्याच किनाऱ्यावर प्रचंड त्सुनामी आल्याची नोंद जुन्या बखरीत होती, तिने आत आणून टाकलेल्या वाळूचा थर भातशेतांखाली सापडला होता आणि २००९ मध्ये सरकारी तज्ज्ञांच्या बैठकीत हा मुद्दा निघालाही होता. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेले ओनागावा केंद्र मात्र वाचले. यानोसुके हिराई नावाच्या अधिकाऱ्याने बांधकामाच्या वेळी खर्चाची कुरकुर बाजूला सारून ते केंद्र १४.८ मीटर उंचीवर बांधायला लावले होते. लाट १३ मीटरच्या आसपास आली. घरे वाहून गेलेल्या गावकऱ्यांनी पुढे कित्येक दिवस त्या केंद्राच्या आवारातच आसरा घेतला. हिराईंना लाट कधी येणार हे ठाऊक नव्हते. ती येईपर्यंत ते हयातही नव्हते.

किल्लारीकडे परत येऊ. तिथे तर जमिनीने आगाऊ सांगितले होते. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारी परिसरात धक्के बसू लागले. ऑक्टोबर १९९२ मधल्या एका धक्क्याने घरांच्या भिंतींना तडे गेले. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, गाव हलवायची मागणी झाली. तज्ज्ञ येऊन गेले. मग धक्के कमी झाले आणि गाव पुन्हा घरात शिरले.

इथे तज्ज्ञांना दोष देण्याचा मोह होतो. तो आवरावा. छोटे धक्के म्हणजे मोठ्याची नांदी, असा नियम नाही. नांदेड शहरात २००६ नंतरची काही वर्षे सारखे बारीक धक्के आणि आवाज येत होते. शहर हवालदिल झाले होते, आणि पुढे काहीच झाले नाही. चीनने ४ फेब्रुवारी १९७५ ला लिआओनिंग प्रांतातले हाइचेंग शहर भूकंपाच्या काही तास आधी रिकामे केले. हजारो जीव वाचले, भूकंपाचे भाकीत जमले म्हणून जगभर डंका पिटला गेला. दीड वर्षही झाले नव्हते, २८ जुलै १९७६ च्या पहाटे तांगशानला भूकंप झाला. तसा ठळक इशारा मिळालाच नाही. सरकारी आकडा दोन लाख बेचाळीस हजारांहून अधिक मृतांचा आहे. भाकिताचा प्रश्न तिथेच अडला आणि अजून अडलेलाच आहे.

उलट दिशेची चूकही तितकीच महाग पडते, हे इटलीत दिसले. लाक्विला या शहरात २००९ च्या सुरुवातीपासून बारीक धक्के चालू होते. ३१ मार्चला तज्ज्ञांच्या आयोगाची बैठक झाली. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर लोकांना दिलासा दिला. छोट्या धक्क्यांमधून ऊर्जा निघून जाते आहे, हे चांगलेच आहे, असा त्याचा सूर होता. त्या भागात जुनी रीत अशी, की धक्का बसला की रात्र बाहेर चौकात काढायची. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या दिलाशामुळे अनेक जण घरातच थांबले होते. ३०९ माणसे मेली. पुढे सहा तज्ज्ञ आणि तो अधिकारी यांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात तज्ज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली.

‘थोडी थोडी ताकद निघून जाते, बरेच आहे’ हे वाक्य मराठवाड्यातही ऐकू येते, त्यामुळे त्याचा हिशेब एकदा मांडून टाकावा. भूकंपाच्या मापनपट्टीवर एक अंक वर गेला की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. या हिशेबाने सावरगावच्या ३.८ च्या धक्क्यात जेवढी ऊर्जा निघाली, तिच्या सुमारे चार हजारपट किल्लारीच्या ६.२ च्या भूकंपात निघाली. किल्लारीइतकी ऊर्जा छोट्या हप्त्यांत फेडायची तर सावरगावसारखे चार हजार धक्के बसायला हवेत. तेवढे बसत नाहीत.

मग १९९२ च्या ऑक्टोबरात शहाणपणाचे काम कोणते होते? भिंतीकडे आणि छताकडे बघणे.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. सभोवती काळ्या दगडाची चिखलात बांधलेली दोन-तीन फूट रुंद भिंत, काही वाड्यांत त्याहून रुंद. या घरात मूर्खपणाचे काहीच नाही. वैशाखात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापमान असताना आत गारवा असतो. दगड शिवारात फुकट मिळतो. चोराला भिंत फोडायला रात्र पुरत नाही. आणि भिंतीची रुंदी म्हणजे घराण्याचा रुबाब, हेही होतेच.

पण ही रुंद भिंत आतून एक नसते. बाहेरचा नीट घडवलेल्या दगडांचा पापुद्रा, आतला दुसरा पापुद्रा, आणि मध्ये पोत्यात धान्य भरावे तसे गोटे आणि चिखल. दोन्ही पापुद्र्यांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड अधूनमधून घालायचा असतो. तो घडवायला वेळ लागतो, मजुरी लागते आणि गिलावा झाला की तो घातला की नाही हे दिसत नाही. बऱ्याच भिंतींत तो नव्हताच. जमीन आडवी हलली तेव्हा हे पापुद्रे सुटले, एक बाहेर पडला आणि एक आत.

लाकडी सांगाडा खणखणीत होता तिथे भिंती पडूनही माळवद खांबांवर तगून राहिले, अशी दृश्ये भूकंपानंतर दिसली. लाकूड महागले तसे मात्र नवी घरे बांधताना खांब वगळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या गेल्या होत्या. अशा घरात भिंतीबरोबर छतही आले.

आणि छताचे वजन वर्षागणिक वाढत होते. माळवद गळू लागले की पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची. जुनी काढायची नाही, वर थर द्यायचा. बापाने टाकली, मुलाने टाकली. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती धरली तर साधारण सात टन भरते. त्याच खोलीवर पत्रे टाकले तर वजन शे-दीडशे किलोंच्या आतच राहते. पाऊस गळू नये म्हणून केलेली ही डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्याही हिशेबात धरली गेली नाही. किल्लारीच्या लोकांच्या हाती जवळजवळ वर्ष होते. फावड्याने वरची निम्मी माती खाली ओढली असती तर एक घर दोन-चार दिवसांत हलके झाले असते. पण तसे करा असे सांगायला हवे होते, आणि सांगणारे भूकंप येणार की नाही या चर्चेत होते.

गावाच्या कडेला कुडाच्या आणि गवताच्या छपरांत राहणारी गरीब कुटुंबे तुलनेने वाचली. ज्यांना दगडाचे घर परवडत नव्हते त्यांच्या डोक्यावर पडायला काही नव्हते. हा न्याय म्हणावा का, कोण जाणे.

पुढची कहाणी पुनर्वसनाची आहे आणि तीतही चुकांना वाव मिळाला. जागतिक बँकेच्या कर्जाने मोठी योजना उभी राहिली, देशभरातून संस्था आल्या, अवघ्या काही वर्षांत गावे वसली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. नवी गावे शहरी वसाहतीसारखी सरळ रेषेत आखली होती. रस्ते रुंद आणि घरे सुटी, म्हणून गाव जुन्यापेक्षा कितीतरी पसरले. नळ-गटारांचा खर्च वाढला, भावकी विखुरली. गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बायकांनी दुपारी कुठे बसायचे, याचा विचार आराखड्यात फारसा नव्हता. लोकांनी तो नंतर स्वतः केला, पत्र्याच्या पडव्या काढून. जिथे गाव हलवले नाही तिथे जुनी भिंत मजबूत करण्यासाठी अनुदान होते. भिंतीला आरपार भोके पाडून सळई आणि काँक्रीटचे सांधे घालायचे, वरून पट्टा फिरवायचा. तंत्र स्वस्त आणि चांगले होते, परंतु बहुतेक कुटुंबांनी त्या पैशांत नवी सिमेंटची खोली बांधली. दगडावरचा विश्वासच उडाला होता.

दगड वाईट आणि सिमेंट चांगले, हा धडा मराठवाड्याने तेव्हा घेतला, आणि तो अर्धाच बरोबर आहे. २६ जानेवारी २००१ ला भुजजवळ भूकंप झाला, तेव्हा सव्वादोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक माणसे मेली. त्यांतल्या कित्येक इमारतींना तळमजल्यावर भिंती नव्हत्या. गाड्या लावायला खांबांवरची मोकळी जागा, वर भिंतींनी भरलेले मजले. हलताना सगळा भार तळाच्या खांबांच्या टोकांवर आला आणि ते मोडले. दगडमातीच्या माळवदातली चूक नव्या साहित्यात पुन्हा बांधली गेली होती. वर वजन, खाली आधार कमी.

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या बाजाररस्त्यावर आज हेच रूप दिसते. खाली शटरची दुकाने, म्हणजे समोरून भिंत नाही. वर दोन मजले विटांच्या बंद भिंती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. २००२ मध्ये देशाच्या नकाशातून विभाग १ काढूनच टाकला गेला. धोका नाही असा भाग आता कागदावरही उरलेला नाही, आणि त्या बदलात किल्लारी विभाग ३ मध्ये गेली. नकाशा बदलला तरी तालुक्याच्या गावात घर बांधणारा माणूस अभियंत्याकडे जातो तो परवानगीच्या कागदापुरता, बाकी सगळे गवंड्याच्या सवयीवर.

२०२४ च्या धक्क्यांनंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने एक आवाहन केले होते. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून ज्यांनी त्यावर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते काढून घ्यावेत. बातमीत ते शेवटच्या ओळीत छापले गेले आणि तीव्रतेचा आकडा मथळ्यात. वास्तविक त्या बातमीत कोणालाही स्वतःच्या हाताने करता येण्याजोगे तेवढेच होते. पत्रा दगडाऐवजी हुकांनी आणि बोल्टांनी तुळईला बांधता येतो, खर्च फार नसतो.

पक्क्या घराचे पाहणे याहून थोडे कष्टाचे आहे. खांबाच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा बांधतात, त्या किती अंतरावर आहेत आणि त्यांचा आकडा ९० अंशांत वाकवून सोडला आहे की १३५ अंशांत आत वळवला आहे, यावर भूकंपात खांब फुटतो की तग धरतो हे बरेचसे ठरते. १३५ अंशांच्या आकड्याला रिंगेमागे बोटभर सळई जास्त लागते आणि वाकवणाऱ्याला थोडा अधिक जोर. काँक्रीट ओतल्यावर ते कोणालाच दिसत नाही. स्लॅबच्या दिवशी घरमालक नारळ फोडतो, पेढे वाटतो; रिंगा पाहायच्या तर त्याला काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी सळई बांधणाऱ्या कारागिराशेजारी उभे राहावे लागेल.